पंक्चर होत नसतं

"पंक्चर होत नसतं, करून घेतलेलं असतं." आमच्या सोसायटीतल्या नानांचं हे वाक्य. बसलेलं चाक ढकलत, घामाघूम होऊन कोणी फाटकातून आत आला की त्याला आधी हे वाक्य मिळतं. पाणी नंतर मिळतं, तेही काकू देतात.

नाना खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं तेव्हा भोंग्याच्या वेळेला त्या बाजूला सायकलींचा लोंढा निघायचा, त्यातलेच ते एक. उभी हयात स्फोटकांच्या शेजारी गेल्यामुळे असेल, पण काही व्हायच्या आधी बघून ठेवावं हा त्यांचा स्वभावच झाला. निवृत्तीनंतर दारूगोळा सुटला, टायर राहिले.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये त्यांची काळी चोवीस इंची सायकल उलटी उभी असते. शेजारी पाटावर नाना, चष्मा कपाळावर, हातात काकूंच्या शिवणाच्या डब्यातली सुई. चाक वीतभर फिरवायचं, थांबायचं, रबराच्या नक्षीत रुतलेली काचेची कणी सुईनं उकरून काढायची, उजेडात धरून बघायची आणि खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवायची. तेवढ्यात आपण दुधाची पिशवी घेऊन तिथून गेलो तर संपलंच. "ही बघ. आज नुसती बसलीये. चार दिवसांनी आत गेली असती." यात खोटं काही नाही. बारीक काच बहुतेक वेळा एका दमात ट्यूबपर्यंत पोचत नाही, चाकाच्या फेऱ्याफेऱ्याला थोडी थोडी आत सरकते. पण हातातलं दूध तापवायचं असतं, त्याचं काय?

अंगठ्यानं टायर दाबून "आहे की हवा" म्हणणाऱ्यांची नानांना कीव येते. साध्या व्हॉल्व्हवर गेज नीट चालत नाही म्हणून त्यांनी मोटारच्या व्हॉल्व्हच्या ट्यूबा घालून घेतल्या. टायरच्या कडेवर हवेचा आकडा छापलेला असतो, तो त्यांनी सोसायटीतल्या सगळ्या पोरांना वाचायला लावला आहे. हवा कमी असली की चाक खड्ड्यात आदळताना ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. अशी ट्यूब समोर आली की नाना खिळा कुठे लागला वगैरे विचारत नाहीत. "साप चावलाय. हवा कधी भरली होतीस?" पोरगं मान खाली घालतं.

टायर बसवतानाही त्यांचा शिरस्ता आहे. टायरवरचं छापील नाव बरोबर व्हॉल्व्हपाशी आलं पाहिजे. म्हणजे ट्यूबमधलं भोक सापडलं की टायरमधला काटाही मोजून सापडतो. मग आतून कापूस फिरवायचा. काट्याचं टोक जिथे असेल तिथे तंतू अडकतो. शेवटी ट्यूब घासू नये म्हणून पावडर. पावडर अर्थातच काकूंची. "माझ्यापेक्षा त्या चाकालाच जास्त लागते," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आणि वाण्याच्या यादीत दोन डबे लिहितात.

रस्त्यावर नाना कडेनं सायकल चालवत नाहीत. सगळ्या काचा, तारा, खडी वाहनांच्या वाऱ्यानं कडेला जाऊन साठते, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. मात्र ते मागच्या बसला पटत नाही. एकदा सिग्नलला ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून "आजोबा, कडेनं, कडेनं!" असं ओरडून सांगितलं. नानांनी पाय टेकवले आणि कडेला काय काय पडलेलं असतं ते समजावून सांगायला घेतलं. सिग्नल सुटला, पुन्हा लागला. बसमध्ये मी होतो. ओळख दाखवली नाही.

गणपती झाले, मांडव उतरले की नानांचा हंगाम सुरू होतो. जुन्या स्पीकरचं चुंबक काठीला दोरीनं बांधून ते पहाटे गल्लीतून फिरतात. खिळे, चुका, तारांचे तुकडे एका बोर्नव्हिटाच्या डब्यात जमतात. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हे सगळं शांतपणे बघत असतो. त्याच्याच बाकावर बसून नाना मग चहा पितात. पैसे तोच देतो.

भाच्यानं एकदा मोठ्या उत्साहानं भरीव टायर सुचवले. हवाच नाही, तर पंक्चर कुठून होणार? नानांचा चेहरा पडला. बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं पोराच्या तीनचाकीसाठी हवेचं टायर केलं, 1888 साली पेटंट घेतलं, त्याच्या आधी सगळी दुनिया भरीव रबरावर हाडं खिळखिळी करून घेत होती, हा इतिहास त्याला ऐकावा लागला. पण खरं कारण पुढे आलं. "आणि मग मी रविवारी करू काय?"

गेल्या पावसाळ्यात अघटित घडलं. नाना सायकल ढकलत आले. अख्खं पार्किंग गोळा झालं, पण ते वाक्य म्हणायची कोणाची छाती होईना. नानांनी ट्यूब काढली, घमेल्यात बुडवली. बुडबुडे आले ते रिमच्या बाजूनं. रिमपट्टी सरकली होती आणि आरीचं टोक ट्यूबला लागलं होतं. नानांचा चेहरा उजळला. "रस्त्याचं नाही हे. आतलं आहे!" म्हणजे रस्त्यापुढे त्यांनी हार खाल्ली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सगळ्यांच्या रिमपट्ट्या तपासायला घेतल्या, आणि काहीजण मागच्या जिन्यानं उतरायला लागले.

तुमच्याही गल्लीत असे एखादे नाना असतील. त्यांना टाळू नका असं मी म्हणणार नाही, आम्हीही टाळतो. फक्त सायकल त्यांच्या दारासमोर लावत जा. बाकीचं ते बघतात.