फर्मानाचे विघटन

प्लास्टिकचे विघटन होण्यास शतके लागतात, असे शास्त्रज्ञ सांगतात. प्लास्टिकविषयक फर्मानाचे विघटन मात्र कोणत्याही सूक्ष्मजंतूच्या साहाय्यावाचून अल्पावधीत होते, याचे श्रेय आपल्या दप्तरदारांस द्यावेच लागेल. २६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबईची गटारे तुंबविल्याचा ठपका ज्या पिशव्यांवर आला, त्यांना पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात किमान ५० मायक्रॉन जाडीची मर्यादा पडली. २०१८ साली थेट बंदीचा हुकूम सुटून पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंडाची तजवीज झाली. मागाहून केंद्र सरकारने आधी ७५ आणि मग १२० मायक्रॉनांचा दंडक घातला. आणि एवढ्या बंदोबस्तानंतरही भाजीच्या हातगाडीवरील पातळ पिशवी वंशपरंपरागत वतनदाराच्या निर्धास्तपणाने गिऱ्हाइकाची वाट पाहत लोंबतेच आहे. जपानमधील साकाई येथे सापडलेला, बाटल्यांचे पेट प्लास्टिक पचविणारा जिवाणू २०१६ साली जगासमोर आला, तेव्हा कित्येकांस आता आपली जबाबदारी संपली असे वाटले असल्यास नवल नाही. परंतु त्या बिचाऱ्यास पिशवीचे पॉलिथिन पचत नाही. तेव्हा सुज्ञ वाचकहो, बाजारास निघताना खुंटीवरची कापडी पिशवी बरोबर घ्या. तिला मायक्रॉन मोजणारा अंमलदार लागत नाही.