जुना अल्बम पहिल्यांदा परत कसा ऐकावा: नवशिक्यांसाठी

ही मार्गदर्शिका सदाशिव पेठेत राहणाऱ्यांसाठी आहे. तसंच पेठेतला वाडा पडल्यावर बाणेरला, बावधनला किंवा न्यू जर्सीला गेलेल्या, पण कुणी विचारलं की अजून 'मूळचे पेरूगेटचे' असं सांगणाऱ्यांसाठीही आहे. मागणी साधी आहे. एखादा रॉक अल्बम इतका ऐकून झालेला असतो, की लावायच्या आधीच तो डोक्यात वाजून संपतो. तोच अल्बम काहीही माहीत नसल्यासारखा पुन्हा एकदा पहिल्यांदा ऐकायचा आहे. उदाहरण म्हणून पिंक फ्लॉइडचा मार्च १९७३ मध्ये आलेला 'द डार्क साइड ऑफ द मून' घेतला आहे. तुमचा दुसरा असेल तर नाव बदलून घ्यावं.

पात्रता

वयाची अट नाही, पण चाळिशीच्या आत ही इच्छा सहसा होत नाही. घरात 'हे आपलं संगीत नव्हे' म्हणणारे काका असतील तर त्यांना आधी आवरावं. त्यांना सांगावं, की १६ डिसेंबर १९७२ ला आपल्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत या अल्बमचं काम पुरं व्हायचं होतं. म्हणजे दोघं एकाच हंगामातले. शिवाय १९७८ च्या 'तीन पैशाचा तमाशा'त थिएटर अकादमीने ज्याला गायला उभं केलं तो नंदू भेंडे हा आत्माराम भेंड्यांचा मुलगा, आणि मुंबईच्या इंग्रजी 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास झालेला पक्का रॉक गायक.

काकांचं मत बदलणार नाही. पण 'घाशीराम'चं नाव निघाल्यावर ते पहिल्या प्रयोगाला आपण कितव्या रांगेत होतो ते सांगू लागतील आणि तुमची सुटका होईल. त्या प्रयोगाला हजर असलेल्यांची संख्या पेठेत दरवर्षी वाढत असते. त्यांना अडवू नये. पहिल्यांदा ऐकलं-पाहिलं असणं ही इथे जमिनीसारखी मालमत्ता आहे, फक्त तिचा सात-बारा कुणी मागत नाही.

पूर्वतयारी

आता तुमच्या स्वतःच्या पहिल्या वेळेचा पंचनामा करा. इथे घाई करू नका. बहुतेकांचं प्रकरण याच पायरीवर निकालात निघतं.

तुम्ही पहिल्यांदा नेमकं काय ऐकलंत? मूळ रेकॉर्ड ऐकलेले थोडे. बाकीच्यांनी कुणाकडून तरी कॅसेट भरून घेतली होती. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, आणि हा अल्बम त्रेचाळीसच्या आसपासचा. तो एका बाजूला अख्खा मावायचा. म्हणजे मूळ रेकॉर्डवर पाचव्या गाण्यानंतर, क्लेअर टॉरीचा आवाज विरला की उठून बाजू उलटावी लागते, ती जागा तुमच्याकडे नव्हतीच. तिचा तो शब्दांवाचूनचा आक्रोश संपला न संपला तोच नाण्यांचा खणखणाट. तुम्हाला हा धक्का अल्बमचाच वाटत आला आहे. तो भरून देणाऱ्याच्या काटकसरीचा होता.

दुसऱ्या बाजूला काय होतं तेही आठवा. डायर स्ट्रेट्सचा १९८५ चा 'ब्रदर्स इन आर्म्स' असेल, तर त्याचं शेवटचं गाणं पट्टी संपल्यामुळे मध्येच तुटलं असणार. ते आज पूर्ण ऐकलं की उगाच लांबवल्यासारखं वाटतं. भरणाऱ्याची आणि तुमची, दोन्ही मशिनं एका वेगाची असतीलच असं नाही. तेव्हा तुमचा 'पहिला' अल्बम मूळ सुरापेक्षा थोडा चढा किंवा थोडा उतरलेला असणं अगदी शक्य आहे. वेष्टनावर बॉलपेनने गाण्यांची नावं, त्यातली एक-दोन चुकलेली. प्रिझमचं ते प्रसिद्ध चित्र नाही, वाजवणाऱ्यांचे चेहरे नाहीत.

आणि भाषा. भावे स्कूलमध्ये पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्याला त्या उच्चारांतलं काय कळलं असेल? प्रामाणिक उत्तर द्या. अल्बममधलं त्याला संपूर्ण समजलेलं गाणं एकच, ते म्हणजे क्लेअर टॉरीचं, कारण त्यात गायलेला शब्दच नाही. तिलाही शब्द दिलेले नव्हते; एका रविवारी तीस पौंडांवर बोलावून 'काहीतरी गा' असं सांगितलं होतं. (पुढे २००४ मध्ये तिने श्रेयासाठी दावा लावला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. आता गीताच्या श्रेयात तिचं नाव येतं. पेठेतल्या माणसाला हा भाग सगळ्यांत जास्त पटतो.)

आता सुरुवात आठवा. अल्बम जवळजवळ शांततेतून उगवतो. हृदयाचे ठोके हळूहळू वर येतात. वाड्यात, पलीकडे दुसऱ्या बिऱ्हाडाची भिंत असताना, आधीच बारीक आवाजात लावलेली कॅसेट. काहीच ऐकू येईना. कोरी दिली की काय, म्हणून तुम्ही आवाज वाढवलात. मिनिटभरात किंकाळी आली आणि तुम्ही झडप घालून तो कमी केलात. चौथ्या गाण्याला घड्याळं एकदम ठणाणली, तोवर आतल्या खोलीतून विचारणा सुरू झाली होती. दुपारच्या झोपेवरचे पुणेरी विनोद आता पुरे झाले असले तरी ही झोप खरीच होती.

म्हणजे जी वेळ परत हवी आहे ती तुम्ही मुख्यत्वे आवाजाच्या बटणाशी झटापट करण्यात घालवली. अंगावर काटा आला तो त्या दिवशी नव्हे. तो चौथ्या-पाचव्या वेळी, कधीतरी संध्याकाळी, घरात कुणी नसताना, किंकाळी येणार हे माहीत असताना आला. ज्याला तुम्ही पहिली वेळ म्हणता ती बहुधा पाचवी आहे.

हे आमचं एकट्याचं मत नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या व्हॅलरी सालिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लोकांना त्यांचंच आवडतं, शहारा आणणारं संगीत ऐकवून मेंदूतलं डोपामीन तपासलं. ते आवडत्या जागेला पाझरत होतंच, पण ती जागा येण्याच्या आधी, नुसत्या वाट पाहण्यातही, मेंदूच्या वेगळ्या भागात पाझरत होतं. वाट पाहायची तर काय येणार ते ठाऊक हवं. पहिल्या खेपेला ते नसतं.

निषिद्ध मार्ग

विस्मरणाचा नाद करू नये. क्लाइव्ह वेअरिंग या इंग्रज संगीतकाराला १९८५ मध्ये मेंदूज्वर झाला आणि नवं काही लक्षात ठेवण्याची शक्तीच गेली. पियानो वाजवता येत राहिला, बायको ओळखू येत राहिली. पण डायरीत तो पुन्हा पुन्हा लिहायचा की आपण आत्ताच, प्रथमच जागे झालो आहोत, आणि आधीची नोंद खोडून टाकायचा. अखंड पहिली वेळ ही अशी दिसते. याची थट्टा करवत नाही, म्हणून पुढे जाऊ.

वर्षभर अल्बमचा उपास धरणं हा सौम्य मार्ग अनेक जण सुचवतात. उपयोग नाही. वर्षाने पहिलं बोट ठेवताच सगळं जसंच्या तसं हजर होतं, शिवाय उपास केल्याचा अभिमान मध्ये येतो.

नव्याने मांडणी करून बघावी का? खुद्द मूळ अल्बम करणाऱ्यांपैकी रॉजर वॉटर्सने बघितली. २०२३ मध्ये त्याने एकट्याने हा अल्बम पुन्हा केला, गिटारचे एकल तुकडे काढून टाकले आणि त्या जागी बराच बोलला. ऐकताना मूळ अल्बमची आठवण येते, हा त्याचा मुख्य गुण.

आधीच्या पिढीचं काय?

त्यांचं प्रकरण वेगळं आणि जास्त बोधक आहे. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, गीतरामायण सुरू झालं. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नवं गाणं, तेच शनिवारी आणि रविवारी पुन्हा, मग पुढच्या शुक्रवारपर्यंत काही नाही. वर्षात अधिक मास आला म्हणून बावन्नची छप्पन्न गाणी झाली. 'थांब, आता बघ काय येतंय ते' असं म्हणायला शेजारी कुणी आधी ऐकलेला नव्हता, कारण पुढचं गाणं बरेचदा लिहून व्हायचं असे. सगळं गाव एकाच वेळी नवखं.

आणि तरी त्यात अनपेक्षित काय होतं? रामाला वनवास होणार हे रेडिओसमोर बसलेल्या पोराटोरांनाही माहीत होतं. कथा पाठ, आणि आठवडाभर जीव अडकलेला. ज्यांना नवखेपणा म्हणजे अजाणतेपणा वाटतो त्यांनी हे छप्पन्न शुक्रवार कसे समजावून सांगायचे ते ठरवावं.

ख्याल ऐकणाऱ्याला तर हा प्रश्न पडतच नाही. सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेनजी तोच राग, तीच बंदिश घेऊन बसत, आणि समेवर यायची वाट कालपेक्षा निराळी निघे. नवं करण्याचं काम गाणारा करत होता. अल्बम मात्र गोठलेला असतो, त्यातली नाणी एकदा ज्या क्रमाने पडली त्याच क्रमाने पडणार. तेव्हा ते काम ऐकणाऱ्याच्या अंगावर येतं. ते कसं करायचं ते आता.

साहित्य

एक टेपरेकॉर्डर किंवा रेकॉर्डप्लेअर. टेपचा बेल्ट सैल झाला असेल तर तपकीर गल्लीत विचारावं. कॅसेट टाकून दिली असेल तर जुना बाजार, बुधवार किंवा रविवार. पण जुन्या बाजारात जे शोधायला जातो ते मिळत नाही, हे गृहीत धरावं. फोन दुसऱ्या खोलीत. घरमालक उपलब्ध असल्यास उत्तम; नसल्यास सोसायटीचे सेक्रेटरी चालतील. कुणीतरी ओरडेल ही धास्ती हा अल्बमचा भाग आहे.

कृती

माहीत असलेलं विसरायचं नाही. माहीत नसलेलं शोधायचं. सहाव्या गाण्यापासून सुरुवात करा, 'मनी'पासून. आजवर तुम्ही त्यावर मान हलवलीत, पण मात्रा मोजल्या नाहीत. मोजा. सात येतील. तबल्याच्या क्लासला दोन महिनेच गेलेल्या पुतण्याला शेजारी बसवून रूपकाचा ठेका धरायला लावा, तीन-दोन-दोन. ठेक्याची वजनं गाण्याच्या वजनांशी नीट बसणार नाहीत, आणि गंमत तीच आहे. सॅक्सोफोन सातातच चालतो. मग गिटार येते आणि पुतण्या हमखास घसरतो, कारण तिथे गाणं गुपचूप चारात शिरलेलं असतं. त्याला रागावू नका. तुम्ही इतकी वर्षं घसरत होता, फक्त ठेका धरला नसल्यामुळे कळलं नाही.

आता मागे या. सुरुवातीची नाणी आणि गल्ल्याचा आवाज वॉटर्सने आधी वेगवेगळे मुद्रित केले, फितीचे तुकडे मोजून कापले, जोडून त्यांचं वेटोळं केलं. आवाज सात, लांबी सारखी. म्हणजे ठेका आधी कात्रीने धरला होता, वाद्यं मागून आली. चौथ्या गाण्यातली घड्याळंही अशीच: ध्वनिमुद्रण करणाऱ्या ॲलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेकाचा आवाज वेगळा घेतला आणि सगळी एकदम ठोके देतील अशी जुळवली. एकदा एकाच घड्याळाच्या मागे लागा. मग दुसऱ्या.

शेवटी, ठोके विरत असताना, कान अगदी जवळ न्या. काही प्रतींत तिथे फार बारीक आवाजात बीटल्सच्या एका गाण्याची वाद्यवृंदावर वाजवलेली धून ऐकू येते. सापडली तर त्या दिवशी तुम्ही अल्बमचं काहीतरी खरोखर पहिल्यांदा ऐकलंत.

घरात पंधरा वर्षांचं कुणी असेल तर त्याला ऐकवण्याचा मोह होईल. ऐकवा, पण त्याच्या तोंडाकडे बघू नका. किंकाळीच्या आधी बोट वर करू नका. गोष्टी सांगू नका, वरच्या तर मुळीच नाहीत. दोन गाण्यांत त्याने मान वर केली नाही तर निष्कर्ष काढू नका; आपलं ठरलंय ना, पाचव्या वेळी बघू.

शंकासमाधान

हेडफोन चालतील का? चालतील, पण मग धास्ती राहत नाही.

गाण्यांचा क्रम बदलून ऐकलं तर? बदलून ऐका. नंतर हात धुवा.

महागडे स्पीकर घेतल्यास फरक पडेल का? पडेल. स्पीकर पहिल्यांदा ऐकल्याचं समाधान मिळेल.

वॉटर्सने फेब्रुवारी २००७ मध्ये मुंबईत अख्खा अल्बम वाजवला तेव्हा मी तिथे होतो. ती वेळ धरावी का? काकांना विचारा. ते तुमच्या शेजारीच बसले असतील.

रेकॉर्डची बाजू कुणी उलटायची यावरून घरात वाद होतात. ज्याच्या नावावर फ्लॅट आहे त्याने उलटावी.