दोन खोल्यांत ‘व्हिक्टरी’

हे मार्गदर्शन पंखा बंद करून वाचावं. पुढचं सगळंच काम पंखा बंद ठेवून करायचं आहे, तेव्हा सवय आतापासूनच लावलेली बरी.

लाकडी किटमधून शिडाचं जहाज बांधू इच्छिणाऱ्या सज्ञान नागरिकांसाठी हे लिहिलं आहे. नवशिक्याने एखाद्या लहान मचव्यापासून सुरुवात करावी, असं सगळे जाणकार सांगतात. जाणकारांनी स्वतः मात्र सुरुवात ‘एचएमएस व्हिक्टरी’पासूनच केलेली असते. ट्रफाल्गरच्या लढाईत 21 ऑक्टोबर 1805 रोजी ॲडमिरल नेल्सन ज्या जहाजावर गोळी लागून पडला, तेच हे जहाज. तीन डोलकाठ्या, तोफांचे तीन मजले आणि 104 तोफा. इंग्लंडमध्ये पोर्टस्मथला ते आजही आहे. आपणही तेच घ्यायचं आहे. का, ते शेवटी कळेल.

या छंदाला कौशल्य लागतं, हा एक गैरसमज आहे. कौशल्य असेल तर फार तर जहाज होतं. नसेल तर माणूस तरतो तो दाखल्यांवर. आपल्या हातून जे जे बिघडेल, ते ते मूळ जहाजाच्या बाबतीतही कधी ना कधी घडलेलं आहे, एवढं ठामपणे सांगता आलं की निम्मी जहाजबांधणी झाली. म्हणून खाली कृतीबरोबर दाखलेही दिले आहेत. कृती विसरली तरी चालेल, दाखले पाठ करावेत.

पहिली पायरी म्हणजे खोकं घरात आणणं. ते दुपारी आणावं. किंमत विचारली जाईलच. खोक्यावर 1:72 असं प्रमाण छापलेलं असतं, तेच किंमत सांगतानाही पाळावं. त्या हिशेबाने छत्तीस हजारांचं किट घरात पाचशे रुपयांना पडतं. खरा आकडा बाहेर आलाच तर मूळ जहाजाला 63,176 पौंड लागले होते, आणि तेही अठराव्या शतकातले, हे शांतपणे सांगावं. जागेचा प्रश्न मात्र दाखल्याने सुटत नाही. मूळ जहाजाचा तोफांचा मजला 186 फूट लांब आहे. 1:72ने तो अडीच फुटांहून थोडा जास्त भरतो. ऐकायला हे बरं वाटतं. पण नाळेवरून पुढे तिरपा झेपावणारा बोस्प्रिट आणि त्याला जोडलेली काठी धरली, की जहाज चार फुटांच्या वर जातं. ही बाब घरच्यांना नाळ झाल्यावर सांगावी.

खोक्यात प्लायवूडचा कणा असतो. त्याच्या खाचांत आडवे पडदे बसवायचे. यांना बल्कहेड म्हणतात. कण्याला किंचित पीळ असला तर तो आत्ताच काढावा, पुढे तो डोलकाठीच्या टोकाला जाऊन दिसतो. मग पडद्यांच्या कडा पॉलिशपेपरने अशा घासायच्या, की वरून वाकवलेली पट्टी प्रत्येक पडद्याला चिकटून बसली पाहिजे. या कामाची धूळ बारीक असते. ती पापडांच्या डब्यातही जाते.

बहुतेकांचं काम इथे थांबतं. सांगाडा कपाटावर जातो आणि त्याच्यावर दिवाळीच्या माळांचं खोकं येऊन बसतं. घाबरू नये. व्हिक्टरीचा कणा 1759 मध्ये घातला. मग युद्धाची निकड कमी झाली आणि सांगाडा तसाच ठेवला. जहाज पाण्यात उतरलं 1765 मध्ये आणि नौदलाच्या प्रत्यक्ष सेवेत रुजू झालं ते थेट 1778 मध्ये. सांगाडा उघडा राहिल्याने लाकूड मुरलं आणि जहाज एवढं टिकलं, असं जाणते लोक मानतात. तेव्हा कोणी टोकलं तर ‘लाकूड मुरतंय’ एवढंच म्हणावं. या दाखल्यावर एकोणीस वर्षं निघतात.

सांगाडा खाली उतरलाच, तर पट्ट्या चढवायच्या. त्याही दोनदा. आतल्या थराला हलक्या लाकडाच्या जाड पट्ट्या आणि वर अक्रोडाच्या, पत्र्यासारख्या पातळ. पट्टी नाळेपाशी दोन बाजूंनी वळते, म्हणून ती आधी पाण्यात भिजवून वाफेवर मऊ करावी. कुकरची शिट्टी काढली की वाफ छान सरळ येते. त्या वेळी कुकरमध्ये डाळ नसावी, हे काही पुस्तकांत लिहीत नाहीत. वाकलेली पट्टी फेव्हिकॉल लावून कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायची. पट्ट्या नाळेकडे निमुळत्या कराव्या लागतात. नाही केल्या तर तिथे सगळ्या एकमेकींवर चढतात आणि मागच्या अंगाला फटी पडतात. या फटींसाठी घासताना निघालेला लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून लुकण करावं. रंगाखाली ते कुणालाही दिसत नाही. अक्रोडाचाच भुसा हवा असा हट्ट धरणाऱ्याला सांगावं, की विसाव्या शतकात व्हिक्टरीची डागडुजी ओकऐवजी सागवान आणि आयरोको वापरूनही झालेली आहे.

तोफांकडे फार वेळ घालवू नये. वरच्या डेकवरच्या तेवढ्या गाड्यांसकट कराव्यात. खालच्या मजल्यांवरच्या नुसत्या नळ्या भोकांत चिकटवायच्या, बऱ्याच किटमध्ये सोय तशीच असते. आजच्या व्हिक्टरीवरच्याही बऱ्याच तोफा नकली आहेत, कारण खऱ्यांचं वजन आता त्या म्हाताऱ्या जहाजाला सोसवत नाही.

रंगात मात्र शहाणपण लागतं. काळे आणि पिवळे आडवे पट्टे, पिवळ्या पट्ट्यांवर तोफांच्या झडपा काळ्या. बुद्धिबळाच्या पटाची आठवण करून देणाऱ्या या रंगसंगतीला नेल्सनचंच नाव पडलेलं आहे. जगभरच्या शौकिनांनी पिढ्यान् पिढ्या ही पिवळी छटा जुळवण्यात आयुष्य घातलं. पिवळ्यात तपकिरी किती टाकायचा यावरून मित्र तुटले. मग संवर्धकांनी जहाजावरच्या रंगाचे थर एकेक करून तपासले आणि 2015 मध्ये व्हिक्टरीला नवा, म्हणजे त्यांच्या मते ट्रफाल्गरच्या वेळचा, रंग दिला. तो निघाला सुकलेल्या अबोलीसारखा, गुलाबीकडे झुकणारा. त्या दिवशी जगातल्या यच्चयावत पिवळ्या व्हिक्टरी एकदम चुकीच्या ठरल्या. यातून धडा घ्यायचा तो असा: आधी साल ठरवावं. 1765ची व्हिक्टरी केली तर मागच्या बाजूला उघडे सज्जे हवेत, ते 1803 पर्यंतच्या मोठ्या दुरुस्तीत गेले. 1780 पूर्वीची केली तर तळाला तांब्याचे पत्रे नकोत आणि ते शेकडो इवले पत्रे चिकटवण्याची शिक्षा टळते. 2014ची केली तर पिवळा रंग शंभर टक्के अचूक. माझ्या मते शेवटचं साल सर्वांत सोयीचं आहे.

यानंतर दोर, आणि इथे खरी परीक्षा. मूळ जहाजावर सुमारे 42 किलोमीटर दोर होता. 1:72ने तो अर्ध्या किलोमीटरच्या वर जातो. किटवाले काही दोर गाळतात, तो त्यांचा मोठेपणा. दोर आधी मधमाशीच्या मेणातून ओढून घ्यावा, म्हणजे त्याची लव बसते. लव तशीच राहिली तर त्या प्रमाणात ती खऱ्या जहाजावर हातभर लांब झुबकेच ठरते. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे जाड दोर आधी लावायचे. त्यांच्यावर खलाशांच्या चढण्यासाठी आडव्या दोरांची शिडी असते. तिचं अंतर मूळ जहाजावर सव्वा फुटाच्या आत-बाहेर, म्हणजे आपल्याकडे पाच मिलिमीटर. प्रत्येक उभ्या दोराशी एक खुंटगाठ, स्काउटमध्ये शिकवतात तीच. गाठ किंचित जास्त ओढली की उभे दोर आत खेचले जातात आणि शिडी मधोमध बारीक होते. किंचित कमी ओढली तर आडवा दोर लोंबतो. चष्मा नाकाच्या टोकावर, जीभ दातांत, चिमट्यात दोराचं टोक, मागून कोणी तरी ‘चहा घेणार का?’ असं विचारतं आणि गाठ सुटते. अशा गाठी हजारोंनी आहेत. पंखा इथे कामाला येतो, म्हणजे बंद असतो. मे महिन्यात हे काम काढू नये.

दोर जमले नाहीत तर? हा दाखला अतिशय मोलाचा आहे, तो जपून वापरावा. व्हिक्टरीच्या वरच्या डोलकाठ्या आणि परबाणं 2011 मध्ये उतरवली. 2021 मध्ये मधली मोठी डोलकाठीही क्रेनने उचलून काढली. तेव्हा बिनकाठीची, बिनदोराची व्हिक्टरी ही अर्धवट व्हिक्टरी नसून अद्ययावत व्हिक्टरी होय. भोवती आगपेटीच्या काड्यांची परांची बांधली तर आणखी उत्तम, कारण दुरुस्तीसाठी तीही तिथे उभी आहे. काढलेली डोलकाठी लाकडाचीसुद्धा नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शाह’ नावाच्या दुसऱ्या जहाजाच्या पोकळ लोखंडी काठ्या आणून बसवल्या होत्या. अर्थात ॲल्युमिनियमचा पडद्याचा रॉड वापरणाऱ्याला कुणी हसू नये.

शिडं लावायची की नाही, यावर दोन पंथ आहेत. लावणाऱ्यांनी कापड चहात बुडवून मळकट करावं. चहा बिनदुधाचा घ्यावा. आलं घातल्याने रंगात फरक पडत नाही. इस्त्रीने भोक पडलं तर तसंच ठेवावं. ट्रफाल्गरमधून परत आलेलं व्हिक्टरीचं एक शीड अजून जपून ठेवलेलं आहे, त्याला नव्वदच्या आसपास भोकं आहेत.

आता आपली भर. किट जसंच्या तसं बांधणं हे कारकुनी काम झालं, खरा रसिक त्यात काही तरी स्वतःचं घालतो. सर्वांत सोपी भर म्हणजे नेल्सन. 1:72 प्रमाणात प्लास्टिकचे सैनिक मिळतात. त्यातला सव्वादोन सेंटिमीटर उंचीचा एक निवडून त्याचा उजवा हात कोपराच्या वर कापावा. नेल्सनचा तो हात 1797 मध्ये टेनेरिफच्या लढाईत गेला होता. डोळ्यावर काळी पट्टी मात्र रंगवू नये. त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेलेली होती, पण अशी पट्टी तो बांधत नसे. ती चित्रपटवाल्यांनी बांधली.

काहींना मध्येच स्फुरण चढतं, की इंग्रजांचं जहाज आपण का करायचं? त्यापेक्षा याचीच कान्होजी आंग्रांची गुराब करू. भावना उदात्त आहे, भूमिती आडवी येते. गुराब म्हणजे पुढे झुकलेली, बसकी आणि निमुळती नाळ, दोन किंवा तीन डोलकाठ्या, उथळ तळ. व्हिक्टरी पोटाने फुगलेली, पावणेनऊ मीटर पाण्यात बुडणारी. ती वाघोटन खाडीत शिरली असती तर विजयदुर्गाच्या पायथ्याशीच रुतली असती. व्हिक्टरीतून गुराब काढायची तर वरचे मजले काढावे लागतात, मग नाळ, मग तळ. शेवटी हातात फक्त दोर उरतो. नुसतं भगवं निशाण लावून समाधान होत असेल तर तो मार्ग स्वस्त आहे.

पाहुणे येतील. त्यांचा पहिला प्रश्न ‘रेडीमेड मिळत नाही का?’ हा असेल, त्याला उत्तर नाही. दुसरा, ‘पाण्यात तरंगतं का?’ त्याला आहे. मूळ व्हिक्टरीही 1922 पासून पाण्यात नाही. ती तेव्हापासून कोरड्या गोदीत उभी आहे.

स्वदेशीचा आग्रह सुटतच नसेल तर ‘ट्रिंकोमाली’ आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागाची बांधलेली ही फ्रिगेट आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडला ओकची चणचण पडली, म्हणून काम मुंबईकडे आलं. कणा घालताना त्यात चांदीचा खिळा ठोकला होता. आपणही ठोकावा, घरात जुनं जोडवं असतंच, मात्र आधी विचारून घ्यावं. पण हिचं मॉडेल करण्यापूर्वी नीट विचार करा. ही अजून पाण्यावर तरंगते. डोलकाठ्या जागच्या जागी आहेत. सागाचं बरंचसं मूळ लाकूडही शाबूत आहे. दाखल्याला धरून चालणाऱ्याला इथे काहीच हाती लागत नाही. नकाशा हरवला म्हणावं तर इंग्लंडहून मुंबईला निघालेले तिचे नकाशे ‘जावा’ या जहाजाबरोबर 1812 मध्ये खरोखरच गेले होते. अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ते जहाज ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ हरवलं. पण वाडियांनी ती सबब सांगितली नाही. नकाशांची दुसरी प्रत आली आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी जहाज पाण्यात गेलं.

नवशिक्यांनी व्हिक्टरीच घ्यावी.