पाचशे रुपयांची अब्रू

लोणार तालुक्यातल्या बीबीत कोणाला चहाच्या टपरीवर 'शिवाजी टी हाऊस' अशी पाटी लावायची असेल, तर त्याने दूध, साखर, सिलिंडर यांचा विचार तूर्त बाजूला ठेवावा आणि आधी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी मिळवावी. ही थट्टा नव्हे. चिन्हे व नावे (अयोग्य वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० या लांबलचक नावाचा कायदा तसे सांगतो. त्याच्या अनुसूचीत संयुक्त राष्ट्रे आहेत, जागतिक आरोग्य संघटना आहे, राष्ट्रपती आहेत आणि त्याच पंगतीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी आणि भारताचे पंतप्रधानही आहेत. नुसते 'शिवाजी', 'गांधी' किंवा 'नेहरू' एवढे शब्दही धंद्यासाठी वर्ज्य आहेत. म्हणजे बापजाद्यांपासून गांधी आडनाव लावणारा एखादा कापड व्यापारी दुकानावर स्वतःचेच आडनाव रंगवतो, तेव्हा कायद्याच्या अक्षराप्रमाणे तो दिल्लीच्या मालावर हात टाकत असतो. सवलत आहे ती कॅलेंडरांना. महापुरुषाचे चित्र कॅलेंडरवर चालते, फक्त त्यावर बनवणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नाव असावे आणि कॅलेंडरने मालाची जाहिरात करू नये. किराणा दुकानदार दिवाळीनंतर जे कॅलेंडर वाटतो, ते जाहिरात करत नसेल तर दुसरे काय करते, हा प्रश्न कायद्याने विचारलेला नाही. सिंदखेडराजा इथून जवळच आहे, जिजाऊंचे जन्मस्थान. त्या रस्त्यावरच्या धाब्यांच्या आणि रसवंत्यांच्या पाट्या पाहत गेले, तर हा सबंध टापूच गुन्हेगारांचा निघायचा. हा कायदा सांभाळणारे ग्राहक व्यवहार खाते दिल्लीत कृषी भवनात बसते. सोयाबीन पिकवणाऱ्या तालुक्यातून कृषी भवनात अर्ज जावा आणि तो पाटीच्या रंगकामासाठी असावा, यात एक प्रकारचा न्याय आहेच.

आता शिक्षेकडे या. दंड जास्तीत जास्त पाचशे रुपये. १९५० साली सोने तोळ्याला शंभर रुपयांच्या आसपास होते, तेव्हा पाचशे रुपये म्हणजे लग्नातला एक दणकट दागिना. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या हिशेबाने राष्ट्रपुरुषांच्या नावाची अब्रू दहा किलो सोयाबीनला पडते, तीही हमीभाव मिळाला तर. बरे, हे पाचशे रुपये वसूल करायचे तर खटला भरायला पुन्हा केंद्राची किंवा केंद्राने नेमलेल्या अधिकाऱ्याची मंजुरी हवी. म्हणजे नाव वापरायला परवानगी दिल्लीची, आणि परवानगी न घेतल्याबद्दल पकडायलाही परवानगी दिल्लीचीच. पाचशे रुपयांसाठी एवढी फाईल कोण हलवणार? टपरीवाला निर्धास्त आहे तो कायदा उदार म्हणून नाही, तर कायद्याला इथवर यायचे भाडे परवडत नाही म्हणून.

परवडत नाही हे मी चहावाल्यापुरते म्हणत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओने वर्तमानपत्रांच्या पानभर जाहिरातीत पंतप्रधानांचे छायाचित्र छापले. नोव्हेंबरात नोटाबंदी जाहीर होताच पेटीएमनेही तेच केले. परवानगी दिली नव्हती, असे सरकारने संसदेत सांगितले. नोटिसा गेल्या. मार्च २०१७ मध्ये राज्यसभेला कळवण्यात आले की दोन्ही कंपन्यांनी माफी मागितली आहे, चूक अनवधानाने झाली. देशाच्या पंतप्रधानांचा चेहरा अनवधानाने छापला जातो, तोही आपल्या कंपनीच्या नावाशेजारी आणि खूप मोठ्या आकारात, हे मान्य करण्याइतके मन मोठे ठेवायला हवे. पाचशेच्या कमाल दंडाची भीती अशा जाहिरातदाराला किती असेल, याचा अंदाज बांधायला चार्टर्ड अकाउंटंट लागत नाही. त्या पानभर जाहिरातीत पाचशे रुपयांत किती जागा मिळाली असती? बहुधा एक पूर्णविराम.

भारताच्या सिंहांच्या राजमुद्रेचे तसे नाही. तिच्यासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २००७ चे नियम तर वाचनीय आहेत. माजी मंत्री, माजी खासदार, माजी आमदार, निवृत्त न्यायाधीश, निवृत्त अधिकारी यांनी राजमुद्रा कोणत्याही प्रकारे वापरू नये, असे त्यांत स्पष्ट आहे. आणि ज्यांना नियमांनी अधिकार दिलेला नाही अशा महामंडळांनी, बँकांनी, नगरपालिकांनी, विद्यापीठांनी आणि पंचायत राज संस्थांनीही वापरू नये. आता महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यातली लेटरपॅडे, गाड्यांच्या काचा आणि वाढदिवसाचे फ्लेक्स डोळ्यांपुढे आणा. सिंहांची ती तोंडे जिथे नसायला हवीत, तिथेच जास्त दिसतात. 'माजी' हा शब्द बारीक आणि सिंह ठळक, हा तर आपल्या राजकीय मुद्रणकलेचा पहिला धडा आहे. म्हणजे ज्या चिन्हाला दातांचा कायदा आहे तेही असेच फिरते आणि ज्याला पाचशे रुपयांचा आहे तेही. दंड वाढवला की शिस्त येईल असे म्हणणाऱ्यांनी या फ्लेक्सखाली थोडा वेळ उभे राहावे.

माझे म्हणणे वेगळे आहे. सार्वजनिक संस्थेच्या नावाचे, चिन्हाचे दोन उपयोग होतात. एक मिरवण्याचा, दुसरा फसवण्याचा. आपले कायदे पहिल्यावर बोट ठेवतात आणि दुसरा बोटांमधून निसटतो. आठवडी बाजारात ढिगाने विकल्या जाणाऱ्या 'नासा' लिहिलेल्या टी-शर्टांचे उदाहरण घ्या. अमेरिकेची ती संस्था आपले चिन्ह मालावर छापू देते, त्यासाठी शुल्क घेत नाही. अट एवढीच की नमुना आधी दाखवा आणि आमची शिफारस आहे असा आव आणू नका. बाजारातल्या ढिगाने नमुना कोणालाही दाखवलेला नसतो, ते सोडा. पण तो शर्ट घालून सोयाबीनवर फवारणी करणारा पोरगा पुढच्या महिन्यात चंद्रावर निघाला आहे, असे शिवारात कोणालाही वाटत नाही. ते चिन्ह तिथे मिरवते, फसवत नाही. शिवरायांच्या नावाच्या टपरीवर चहा पिणाराही तो चहा रायगडावरून आला असे समजत नाही. याउलट खासगी जीपवर 'महाराष्ट्र शासन' अशी लाल पाटी लावणारा मिरवत नसतो. नाक्यावरच्या शिपायाने आपल्याला अडवू नये, एवढ्याचसाठी ती पाटी असते. आणि १९५० च्या अनुसूचीत यासाठीची ओळ आहे बरे का! सरकारचा आश्रय असल्याचा भास निर्माण करणारे कोणतेही नाव तिथे निषिद्ध आहे. सबंध अनुसूचीतली ती सर्वांत शहाणी ओळ आहे, आणि तिचीही किंमत पाचशे रुपयेच.

गंमत म्हणजे योग्य प्रश्न विचारणारा कायदा आपल्याकडे आधीच होऊन गेला होता आणि तो इंग्रजांच्या राज्यात झाला होता. १९३४ च्या पहिल्याच अधिनियमाने 'खद्दर' या नावाला संरक्षण दिले. कायदेभंगाची चळवळ अजून पुरती विझलेली नव्हती, अशा वेळी सरकारने खादीचे नाव जपावे हा इतिहासाचा विनोद आहे. पण कायद्याचे म्हणणे सरळ होते : खद्दर म्हणून विकलेले कापड भारतात हाताने कातलेल्या सुताचे आणि भारतात हातमागावर विणलेले असले पाहिजे. दुकानदाराने कोणाची परवानगी घेतली, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. गिऱ्हाइकाला सांगितले ते खरे की खोटे, एवढेच तो विचारत होता. सोळा वर्षांनी स्वतंत्र देशाने जो कायदा केला, त्याने प्रश्नच बदलला. आता विचारतात : अर्ज केला होता का?

खादीचीच पुढची गोष्ट या बदलाचा पुरावा आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१३ पासून 'खादी मार्क'ची नियमावली आणली, खासगी कंपन्यांना नोटिसा धाडल्या आणि २०१८ मध्ये फॅबइंडियाकडे ५२५ कोटींच्या भरपाईची मागणी केली. नावाचा पहारा चोख होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये मात्र याच आयोगाने मुंबईतल्या दादाभाई नौरोजी रस्त्यावरचे खादी एम्पोरियम चालवणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र रद्द केले. आयोगाचा आरोप होता की खादीच्या नावाने तिथे खादी नसलेला माल विकला जात होता. ते दुकान १९५४ पासून चालू होते, परवानगीनिशी, पाटीनिशी. अर्ज, शिक्का, प्रमाणपत्र सगळे जागेवर, आणि आयोगाचे म्हणणे खरे धरले तर नसलेली वस्तू एकच, खादी. परवानगीची फाईल म्हणजे सचोटीची हमी असे ज्यांना वाटते, त्यांनी या दुकानाची पायरी आठवावी. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे मुंबईला जाऊन शिकावे लागत नाही. अकोल्याच्या बीज प्रमाणीकरण यंत्रणेचा निळा टॅग पिशवीला आहे की नाही, हे तो पाहतो. तरी २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून ज्या तक्रारी झाल्या, त्यांत टॅगवाल्या बियाण्याच्याही होत्या. आणि तणनाशक सहन करणारे ते बेकायदा कापूस बियाणे तर कुठलेही चिन्ह न लावता, नुसत्या विक्रेत्याच्या शब्दावर खपते.

सरकारचे स्वतःचे वागणे पाहिले की हसावे की रडावे कळत नाही. जुन्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवण्याची सक्ती झाली, तेव्हा आपल्या इकडच्या एमएच-२८ च्या मोटारसायकलवाल्यापासून मुंबईच्या गाडीवाल्यापर्यंत सगळे मोबाइलवर शोधायला लागले. बनावट संकेतस्थळे उगवली, लोकांनी पैसे भरले, प्लेट आली नाही, परिवहन विभागाने सावधानतेचा इशारा दिला. पण खरी नोंदणी तरी कुठे होत होती? राज्याचे तीन भाग करून कामे तीन खासगी कंपन्यांना दिलेली, आणि त्यांच्या अधिकृत पत्त्यांच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' ही सरकारी खूण नव्हतीच. खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता खासगी वाटावा असा आणि खोट्याचे रूप सरकारी वाटावे असे. गावातल्या माणसाने ओळखायचे कसे? राजमुद्रा कोणी लेटरपॅडवर छापू नये म्हणून नियमांचे पुस्तक, आणि जिथे ती हटकून असायला हवी तिथे ठेकेदाराचे नाव! पीएम-किसानच्या नावाने, वाहन चलनाच्या नावाने ज्या फाईली व्हॉट्सॲपवर येतात आणि उघडताच बँकेचे खाते रिकामे करतात, त्या बनवणाऱ्यांनी सरकारी चिन्ह वापरण्यासाठी अर्ज केला असेल असे वाटत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो : राष्ट्रीय चिन्हांचा मान म्हणून काही असतो की नाही? उद्या साबणाच्या वडीवर सिंह छापतील, गुटख्याच्या पुडीवर महापुरुष. आक्षेप खरा आहे, पण तो मान कायद्याने राखला असे दिसत नाही. पुण्याच्या एका जुन्या कंपनीची 'संभाजी' नावाची बिडी कित्येक वर्षे विकली जात होती. संभाजी महाराजांचे नाव १९५० च्या अनुसूचीत नाही, त्यामुळे कायद्याच्या डोळ्यांना ती बिडी दिसलीच नाही. लोकांनी आंदोलन केले, तेव्हा २०२० नंतर कंपनीने नाव बदलले. मानाच्या गोष्टी लोक सांभाळतात. कधी नको तितक्या जोराने सांभाळतात हेही खरे, पण पाचशे रुपयांची पावती त्या कामी येत नाही. दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा असतो : मिरवणे कुठे संपते आणि फसवणे कुठे सुरू होते हे ठरवायचे कोणी? उत्तर सोपे आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली न्यायालये हेच रोज ठरवतात. बेताचे लक्ष आणि अर्धवट आठवण असलेला साधा ग्राहक गोंधळेल का, ही त्यांची कसोटी. साबण आणि बिस्किटांच्या भांडणात जी कसोटी चालते, ती सरकारी नावाच्या भांडणात का चालू नये? तिसरे म्हणणे असे की आज काचेवरचा छोटा सिंह माफ केला तर उद्या तोच माणूस टोल चुकवेल. चुकवेलच, आणि तो फसवण्याच्या रकान्यात आजच बसतो. त्याला जरूर पकडा. सरकारी माणूस असल्याचा आव आणला म्हणून पकडा, चित्र छापले म्हणून नव्हे.

तेव्हा कायद्यात दोन दुरुस्त्या पुरेत. जिथे कोणाचीही दिशाभूल होत नाही तिथे टपरी, आडनाव आणि कॅलेंडर यांना परवानगीच्या जाचातून सोडावे. जिथे सरकारच्या नावाने पैसा किंवा सवलत उकळली जाते तिथे दंड उकळलेल्या रकमेच्या पटीत असावा आणि खटल्याला दिल्लीच्या मंजुरीची अट नसावी. तिसरी गोष्ट तर कायदा न बदलता आजच करता येते : जे काम सरकारच्या सक्तीने करायचे, त्याचा पैसा सरकारी पत्त्यावरच घ्या, ठेकेदार मागे कोणीही असो. हे होईपर्यंत वाचकांनी नंबर प्लेट असो की अनुदान, शोधयंत्राने दाखवलेल्या पहिल्या दुव्यावर पैसे भरू नयेत. परिवहन विभागाच्या किंवा संबंधित खात्याच्या मूळ संकेतस्थळावरून आत जावे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक खरोखर सरकारी आहे, आणि तो फिरवायला कोणाची पूर्वपरवानगी लागत नाही.