नजर जोड्यावर

हल्ली मला माणसं चेहऱ्याने लक्षात राहत नाहीत. मध्यंतरी मंडईत एका गृहस्थांनी अगत्याने "काय, ओळखलंत का?" असं विचारलं, तर मी आधी त्यांच्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं. मशीनची शिवण, कडेला फासलेला काळा रंग, बकलापाशी सुटलेले पापुद्रे. असा पट्टा वापरणारा माणूस आपल्या ओळखीचा असणं शक्य नाही, अशा निष्कर्षाला मी आलो होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, असं काय करता? आपल्या विहीणबाईंचे भाऊ!"

चांभाराची नजर जोड्यावर, ही म्हण ज्याने केली त्याचा हेतू काही चांगला नसणार. निरीक्षण मात्र शंभर नंबरी. चामडं हाताने शिवायला शिकल्यापासून मला समोरच्या माणसात फक्त टाके दिसतात.

आता टाक्यांत एवढं बघण्यासारखं काय असतं, असं कुणी विचारलं की मी सांगतो, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतो. मशीनच्या शिवणीत दोन दोरे असतात. एक वरून, एक खालून, आणि दोघे चामड्याच्या पोटात एकमेकांना अडकलेले. एक झिजून तुटला की दुसऱ्याचा आधार गेला; शिवण भराभर उसवत जाते. हाताच्या सॅडल स्टिचमध्ये दोरा एकच, पण त्याच्या दोन्ही टोकांना सुई. दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोरून आरपार जातात. मधला एखादा टाका तुटला तरी शेजारचे जागचे हलत नाहीत. दोरा लागतो शिवणीच्या साधारण चौपट, आणि तोही मेण ओढलेला. हे सगळं सांगायला चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंतचा वेळ अगदी पुरतो. आमच्या ऑफिसातले बरेच लोक हल्ली जिन्याने उतरतात. डॉक्टरांनी सांगितलं असेल.

हौशी माणूस कुठल्याही कलेत आधी बाजारातून शिरतो. मीही दोन भोकांतलं अंतर आखणारा काटा घेतला, तोही एक 3 मिलिमीटरचा आणि एक 4 मिलिमीटरचा, कारण पाकिटाला 4 म्हणजे अगदीच अडाणीपणा. कड तासायचं हत्यार घेतलं. तासलेली कड ओली करून घासायचं लाकूड घेतलं. शिवताना चामडं धरायला लाकडी चिमटा घेतला, त्याला इंग्रजीत तट्टू म्हणतात आणि तो खरोखरच मांडीखाली घेऊन बसावं लागतं. बायकोने पहिल्यांदा मला त्यावर बसलेलं पाहिलं तेव्हा ती काही बोलली नाही. फक्त दिवाणखान्याचे पडदे ओढून घेतले.

खाली ठेवायला जड दगड हवा होता. आमच्या घरचा पाटा मिक्सर आल्यापासून सेवानिवृत्त होता, त्याला मी पुन्हा कामावर घेतलं. पाट्यावर चामडं, चामड्यावर काटा, काट्यावर हातोडी, आणि या सगळ्याच्या खाली तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक. ठोकाठोक फक्त सकाळी 10 ते 1 या वेळेतच करावी, असा ठराव सोसायटीने घेतला. त्यात माझं नाव नाही, पण हातोडीचं आहे.

एवढी सगळी आयुधं पिशवीत भरून मी कोल्हापूरला गेलो. चप्पल लाईनीत विकणारे भेटतात. करणारे बघायचे तर सुभाषनगरात जावं लागतं. तिथले एक वयस्कर कारागीर उंबऱ्यात बसून काम करत होते. पुढ्यात दगड, पाण्याची कुंडी, रापी, आरी आणि हातोडी. संपलं दुकान. मी माझी एकेक वस्तू काढून मांडत गेलो आणि ते न्याहाळत गेले.

"ह्यानं काय करतासा?"

"कड गोल करतो."

"आणि ह्यानं?"

"चामडं पातळ करतो."

त्यांनी रापी उचलली, एका तुकड्याची कड एका फटक्यात गोल केली, तोच तुकडा फिरवून टोकाला पातळ केला आणि रापी खाली ठेवली. मग माझ्या पिशवीकडे बघून म्हणाले, "दवाखाना हाय व्हय तुमचा?" शेजारी त्यांच्या कारभारीण वेणी घालत होत्या, चपलेच्या पट्ट्याची. चामड्याच्या बारीक वाद्या बोटांतून सरसर फिरत होत्या आणि त्या शेजारणीला कुणाच्या तरी मोडलेल्या सोयरिकीची हकिकत सांगत होत्या. वेणीकडे एकदाही पाहिलं नाही. सोयरीक मोडली, वेणी नाही.

अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. तळव्याचे थरसुद्धा चामड्याच्याच वादीने शिवायचे. चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेलं. जुनी पद्धत तर अशी की कातड्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात साल-हिरड्याचं पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची. आतून पाझरत पाझरत कातडं स्वतःच स्वतःला कमावतं. याला दिवसांवर दिवस लागतात. ऑगस्टस शुल्ट्झ नावाच्या माणसाने 1884 साली अमेरिकेत क्रोमच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं आणि आठवड्यांचं काम दिवसावर आलं. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमचंच. ते मऊ असतं, पाण्याला फारसं भीत नाही. पण त्याची कड कितीही घासा, चकाकत नाही. साल-हिरड्याचं चामडं आधी करकरीत आणि चावरं, उन्हाने आणि हाताने हळूहळू काळवंडत जाणारं. त्याला मुरायला वेळ द्यावा लागतो. माझी पसंती कुठली ते सांगायला नको, फोड दाखवतो.

कोल्हापुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या 4 आणि कर्नाटकाच्या 4 जिल्ह्यांना मिळून. बेळगावच्या प्रश्नावर इतकी वर्षं एका टेबलाशी न बसणारी दोन राज्यं चपलेसाठी एका अर्जावर आली. पायीची वहाण पायीच बरी म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

घरात खरा विरोध केला आत्याने. "आपल्या घरात चामडं?" मी म्हटलं, अगं, कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी चामड्याचं काम स्वतः केलं. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत चपला शिवल्या, 1914 साली निघताना एक जोड जनरल स्मट्सना दिला. "ते महात्मे होते," आत्या म्हणाली, "तू बँकेत आहेस." मग मी देवघराकडे बोट दाखवलं. तिथे आजोबांचं संध्येचं मृगाजिन गुंडाळून ठेवलेलं आहे आणि शेजारी आत्याच्या भजनी मंडळाचा तबला: पुडी बकऱ्याची, वाद्या चामड्याच्या. आत्या क्षणभर थांबली. "मृगाजिन म्हणजे चामडं नव्हे," ती म्हणाली. मग काय असतं, ते मात्र तिने सांगितलं नाही. ज्या हातांनी ती पुडी मढवली त्यांना आमच्या ओसरीवरसुद्धा बोलावणं नसायचं, आणि मी हेच काम शिकायला फी भरून वातानुकूलित वर्गात बसलो, तिथे मधल्या सुट्टीत कॉफी होती.

गेल्या लग्नसराईत मेहुण्याच्या मुलीचं लग्न झालं. हल्लीच्या रिवाजाप्रमाणे करवल्यांनी नवरदेवाचे बूट लपवले आणि 11,000 मागितले. वरपक्ष 2,000 वर अडला. तेव्हा कुणालातरी माझी आठवण झाली, आणि बूट माझ्यापुढे आणले गेले. मी चष्मा लावला, तळवा वाकवून पाहिला, आतला थर नखाने उचलला आणि निःपक्षपातीपणे सांगितलं: वरचं रेक्झिन, तळवा नुसता चिकटवलेला, पावसाळा काढणार नाही, 2,000 फार होतात, 800 द्या. करवल्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या ते समजण्यासारखं होतं. पण ते बूट वराच्या वडिलांनी स्वतः जाऊन, पसंत करून आणले होते, हे मला नंतर कळलं.

आहेर म्हणून मी हाताने शिवलेलं पाकीट दिलं होतं. साल-हिरड्याचं चामडं, 3 मिलिमीटरचे टाके, काचेसारखी घासलेली कड. आहेराची यादी वरपक्षाच्या काकांनी लिहिली. त्यात आमच्या नावापुढे नोंद आहे: पाकीट, रिकामं.