गाणारा मिळंना!

— वहिनी, जरा भिंतीपाशी या. तुमच्या माळ्यावर रातच्याला कसला दणका चाललाय ओ?

— काय सांगू आक्का, पोरांनी रॉक बँड काढलाय. गिटारवाला राजारामपुरीचा, ड्रमवाला आपल्या तालमीत ढोल बडवणारा, आणि आमचं ध्यान की-बोर्डवर. समदं जमलं, गाणाराच मिळंना. एकाचा आवाज चढत न्हाई, दुसऱ्याला पोस्टरवर आपलंच नाव मोठं पायजे.

— मग तुमचाच का गात न्हाई?

— तेच तर! म्हणतोय, मी मागंच बरा. क्लासची फी भरायची आम्ही, आणि ह्यानं कोपऱ्यात बसायचं!

— बसू दे की. पाचगणीचं ऐकलं न्हाई व्हय? सेंट पीटर्स शाळेत १९५८ च्या सुमाराला बोर्डिंगच्या पाच पोरांनी बँड काढलावता, 'द हेक्टिक्स'. फरांग इराणीचा बास म्हंजे चहाचं रिकामं खोकं, त्यात उभी काठी आणि एक तार. ड्रमवर नेपाळचा व्हिक्टरी राणा, पुढं तिकडं लष्करात जनरल झाला. गिटारवर डेरिक ब्रांच, गायला ब्रूस मरे. आणि पियानोवर झांझिबारचं पारशाचं पोरगं, फरोख बलसारा.

— हा कोण?

— फ्रेडी मर्क्युरी!

— अगं बया! क्वीनवाला? आणि गायला दुसराच?

— व्हय. हे आपलं रेडिओवरचं गाणं ऐकायचं आणि पियानोवर उतरवायचं. पुढं लंडनात ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या 'स्माइल' बँडमधनं गाणारा टिम स्टॅफेल १९७० ला बाहेर पडला. फ्रेडी त्या टिमचाच कॉलेजातला दोस्त, कायम त्यांच्या घोळक्यात. तोच पुढं उभारला. गाणारा घरचाच निघाला, क्वीनचा बासवाला जॉन डीकन गावायला मात्र १९७१ उजाडलं.

— म्हंजे आमचंबी गाईल म्हणता?

— तसं कुठं म्हणतोय मी? गाणारा बाहेर हुडकण्याआधी घोळक्यातल्यांचे गळे तपासा म्हणतोय. आणि ते पोस्टरवालं आधी घालवा.

— ते कालच गेलं रुसून. आता ड्रमवाला गातोय. गणपतीत धाही दिवस आरतीला त्योच पुढं असतोय, आवाज खणखणीत!

— मग झालं की काम!

— कुठलं ओ? आता ड्रम कुणी वाजवायचा, त्यावरनं जुंपलीय!