कोलांटी आणि कायदा

फेब्रुवारी 2022पासून परदेशातून तयार ड्रोन आणायला सर्वसामान्यांना बंदी, सुट्या भागांना मात्र मोकळीक. त्यामुळे चंद्रपूरच्या पोराच्या टेबलावर कार्बन फायबरची चौकट, चार मोटारी आणि सोल्डरिंगचा धूर. हेही आत्मनिर्भरच! 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्याला नियम सैल. म्हणून स्क्रूसुद्धा सोन्यासारखे तोलायचे. मग बॅटरी लागते आणि नॅनोपण संपतं.

उडवायचं कुठे? ताडोब्यात मनाई. गडचिरोलीत आकाशात घरघर झाली की ड्रोन पोलिसांचाच असणार, असा लोकांचा समज. तो आपला आहे हे पोलिसांना पटवणं ड्रोनच्या कोलांटीपेक्षा अवघड.

उरतं गावाबाहेरचं पडीक वावर. दोन कोलांट्या, तिसरीला साग. सागावर अडकलेला बरा, बांबूनं ओढता येतो. झुडपात गेला तर रिमोटचं बटण दाबायचं, मोटारी टूं-टूं करून ठिकाण सांगतात. उताणा पडला असेल तर ‘टर्टल मोड’मध्ये पंखे उलटे फिरवून जागच्या जागी सुलटाही होतो. इतरत्र ही आळशांची सोय. इथे त्या झुडपात आधीच कोण पहुडलंय ते ठाऊक नसतं, आणि टूं-टूं त्यालाही ऐकू येतं.